आमच्या कच्च्या मालाचे काय?

१९ ऑगस्ट ही तारीख बेल्ह्याच्या, आळेफाट्याच्या, ओतूरच्या प्रत्येक कांदेवाल्याने बराखीच्या चौकटीवर खडूने लिहून ठेवावी. २०२३ साली त्या दिवशी, शनिवारी, केंद्राच्या अर्थखात्याने अधिसूचना काढून कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवले. इशारा नाही, मुदत नाही, विचारणा नाही. सही झाली आणि शुल्क लागू झाले. बरोबर दोन वर्षांनी, २०२५ साली, त्याच १९ ऑगस्टला त्याच खात्याची दुसरी अधिसूचना अमलात आली आणि परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क पूर्ण माफ झाले. पहिल्या कागदाने आमच्या शेतकऱ्याचा माल देशाबाहेर जाण्याची वाट अडवली. दुसऱ्याने परदेशी शेतकऱ्याचा माल देशात येण्याची वाट झाडून दिली. दोन्ही वेळी सांगितलेले कारण एकच: दिलासा. एकदा शहरातल्या ग्राहकाला, एकदा गिरणीला. या दोन्ही दिलाशांचे पैसे ज्याच्या खिशातून गेले, त्याला कोणी विचारलेसुद्धा नाही. तो आमच्या गावात राहतो, आमच्या शेजारी राहतो, म्हणून हा अग्रलेख.

कापसाचे आमच्या जुन्नरला काय, असे कोणी विचारील. आमच्याकडे कापूस नाही, कांदा आहे, टोमॅटो आहे, सोयाबीन आहे, दूध आहे. पण विदर्भ-मराठवाड्याच्या कापूसवाल्यावर जे गुदरले ते समजून घेतल्याशिवाय आपल्यावर काय गुदरते ते कळत नाही. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर ५० टक्के कर बसवला. कापड गिरण्यांच्या मागण्या धोक्यात आल्या, हे खरे. गिरण्यांच्या संघटनांनी सरकारकडे कच्चा माल स्वस्त करून मागितला. मिळाला. आधी ३० सप्टेंबरपर्यंत मिळाला, आणि ती मुदत सुरू होऊन दहा दिवस होत नाहीत तोच ३१ डिसेंबरपर्यंत वाढवून मिळाला. आता कापसाचे वेळापत्रक पाहा. वेचणी ऑक्टोबरात सुरू होते. पहिला, दुसरा वेचा नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात येतो. म्हणजे यवतमाळच्या माणसाचा कापूस ज्या तीन महिन्यांत गाडीत भरला जाणार, नेमके तेच तीन महिने परदेशी गाठींना दार सताड उघडे. त्याच हंगामासाठी याच सरकारने लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला होता. एका हाताने भाव लिहायचा आणि दुसऱ्या हाताने तो भाव बाजारात कधीच मिळणार नाही अशी व्यवस्था करायची, याला धोरण म्हणत नाहीत. याला फसवणूक म्हणतात, आणि आम्ही ती तशीच म्हणणार.

सरकारचा हा अधिकार कुठून येतो तेही सांगितले पाहिजे. सीमाशुल्क कायदा १९६२, कलम २५. जनहितासाठी आवश्यक वाटल्यास केंद्र सरकार कोणत्याही मालावरचे शुल्क अधिसूचना काढून माफ करू शकते, असे ते कलम सांगते. त्यासाठी आधी संसदेत चर्चा व्हावी लागत नाही. जनहित या एका शब्दावर सगळे उभे आहे. गिरणी त्या जनात आहे. तेलाची रिफायनरी आहे. औषधांचा, रंगांचा, प्लास्टिकचा कारखाना आहे. दिल्लीतला भाजी घेणारा आहे. आमचा सरळ प्रश्न आहे: आणे पठारावरचा, राजुरीचा, गुंजाळवाडीचा, बेल्ह्याचा माणूस त्या जनात मोजला जातो की नाही?

गेल्या सोमवारची गोष्ट. बेल्ह्याचा बाजार भरला होता. बैलांच्या दावणीपासून थोडे पुढे, चहाच्या टपरीशेजारी, साठीच्या आसपासचे एक शेतकरी आमच्याजवळ आले. ओळखीचे आहेत, नाव लिहिण्याचे कारण नाही. त्यांनी खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिला रबर गुंडाळलेले होते. आत दोन कागद होते, घामाने मऊ पडलेले. एक कृषी सेवा केंद्राचे बिल. दुसरी कांद्याची पट्टी. त्यांनी दोन्ही कागद आमच्या मांडीवर शेजारी-शेजारी ठेवले आणि म्हणाले, “सर, ह्याच्यावर पण सरकार, आन् ह्याच्यावर पण सरकार. मधी मी.”

आम्ही ते बिल ओळीओळीने वाचले. १९:१९:१९ ची पिशवी. ०:५२:३४ ची पिशवी. करप्यासाठी मॅन्कोझेब. फुलकिड्यांसाठी दोन बाटल्या. चिकटद्रव्य. खतांपुढे कर पाच टक्के. औषधांपुढे सीजीएसटी नऊ, एसजीएसटी नऊ. म्हणजे १८ टक्के. हजार रुपये मोजून औषध घेतले तर त्यात दीडशेहून अधिक रुपये कराचे असतात. कांद्याला एका फवारणीवर भागत नाही हे जुन्नरच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. ढगाळ हवा आली की पंप पाठीवर चढतो, धुके पडले की चढतो, पाऊस उघडला की पुन्हा चढतो. दर खेपेला १८ टक्के.

मग पट्टी. पिशव्या इतक्या, वजन इतके, दर दहा किलोचा इतका, हमाली वजा, तोलाई वजा, खाली हातात पडलेली रक्कम. या कागदावर कराचा रकाना नाही. शेतमालाला वस्तू व सेवा कर माफ आहे, असे सरकार अभिमानाने सांगते. त्या माफीच्या पोटात काय आहे ते मात्र सांगत नाही. तेच आम्ही सांगतो, कारण सगळे प्रकरण इथेच आहे.

केचप बनवणारा कारखाना घ्या. तो बाटली विकत घेतो, झाकण घेतो, साखर घेतो, रसायन घेतो, यंत्र घेतो. प्रत्येकावर कर भरतो. मग केचप विकताना ग्राहकाकडून कर गोळा करतो आणि आधी भरलेला कर त्यातून वजा करून उरलेलाच सरकारला देतो. त्याने भरलेला पैसा त्याला परत मिळाला. आता त्या केचपमधला टोमॅटो पिकवणारा घ्या. त्याने औषधावर १८ टक्के भरले, खतावर पाच भरले, ठिबकवर भरले, तारेवर, सुतळीवर भरले. टोमॅटोवर कर नाही, म्हणून वजावट नाही, म्हणून परतावा नाही. भरलेला सगळा कर त्याच्या मातीत जिरला. कर माफ आहे म्हणणारे लोक त्याला एवढेच सांगत आहेत की तू दुसऱ्याकडून कर गोळा करू नकोस. स्वतः मात्र शेवटच्या पैशापर्यंत भर.

उद्योगजगतात एका तक्रारीला मोठा मान आहे: उलटी शुल्करचना. तयार मालावरचा कर कमी आणि त्याच्या कच्च्या मालावरचा जास्त, असे झाले की कारखानदार तोट्यात जातो. अर्थसंकल्प जवळ आला की उद्योगांच्या संघटना निवेदने घेऊन दिल्लीत जातात. हे रसायन, ते खनिज, हा धातू, तो धागा, याचे आयात शुल्क उतरवा. आणि सरकार ऐकते. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात पंचवीस खनिजांचे शुल्क माफ झाले. स्पॅन्डेक्स धाग्यासाठी लागणाऱ्या एमडीआय या रसायनाचे शुल्क साडेसातवरून पाच टक्क्यांवर आले, उलटी रचना सुधारण्यासाठी. २२ सप्टेंबर २०२५ पासून खत कारखान्यांना लागणारे सल्फ्युरिक आम्ल, नायट्रिक आम्ल, अमोनिया यांवरचा कर १८ वरून थेट पाचवर आला, त्याच कारणासाठी. आम्हाला यात काही गैर दिसत नाही. खताचा कारखाना जगला पाहिजे. त्याच दिवशी ट्रॅक्टर आणि ठिबकवरचा कर बारावरून पाचवर आला, बारा जैविक कीटकनाशके पाचवर आली, हेही आम्ही मान्य करतो आणि नोंदवून ठेवतो. पण शेतकरी रोज ज्या रासायनिक औषधाची बाटली उघडतो ती १८ वर होती, ती १८ वरच ठेवली. रसायन तेच, कारखान्याच्या दारात गेले की कच्चा माल आणि बांधावर आले की चैनीची वस्तू? या देशातली सर्वांत मोठी, सर्वांत जुनी, सर्वांत निर्दय उलटी शुल्करचना शेतकऱ्याच्या बांधावर आहे. तिच्यासाठी एकाही अर्थमंत्र्याने एक ओळ लिहिलेली आम्ही ऐकलेली नाही.

आणि हे झाले फक्त आत येणाऱ्या मालाचे. बाहेर जाणाऱ्या मालाचे पाहिले तर रक्त उसळते. कारखानदाराचा माल परदेशी निघाला की त्यासाठी लागलेला कच्चा माल विनाशुल्क आणण्याची योजना आहे. आधी शुल्क भरले असेल तर परताव्याची योजना आहे. १ जानेवारी २०२१ पासून, इतर कुठे न परतलेले बारीकसारीक कर परत देण्याचीही योजना आहे. तत्त्व असे की आपला कर परदेशी ग्राहकाच्या डोक्यावर लादायचा नाही, नाहीतर तो दुसऱ्या देशाकडे जाईल. तत्त्व बरोबर आहे. मग कांद्याला ते तत्त्व का नाही? कारखान्याचा माल निघाला की सरकार पैसे परत देते आणि आमचा कांदा निघाला की शंभरावर चाळीस मागत होते. कुठल्या शास्त्रात बसते हे?

त्या चाळीस टक्क्यांचे ओझे व्यापाऱ्याने उचलले असे कोणी समजू नये. आळेफाट्याच्या आवारात उभे राहून पाहा. व्यापारी ढिगातला कांदा उचलतो, दोन बोटांत दाबतो, साल पाहतो आणि मनातल्या मनात हिशेब करतो: बंदरावर किती द्यायचे, जहाजाला किती, शुल्क किती. ते सगळे वजा जाऊन जे उरते ती बोली. शुल्काचा शब्द निघाला की बोली खाली येते, त्याच सकाळी. सरकारी शुल्क कागदावर निर्यातदाराच्या नावे भरले जाते. वसूल होते ते बराखीतल्या माणसाकडून.

पुढे काय झाले ते विसरू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये बाजार समित्या बंद पडल्या तेव्हा सरकारने दोन लाख टन कांदा २,४१० रुपये क्विंटलने घेण्याची घोषणा केली. ऑक्टोबरअखेर निर्यातीला टनाला ८०० डॉलरचे किमान मूल्य लावले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. डिसेंबरच्या शेवटी शिवनेरीच्या पायथ्यापासून पुण्यापर्यंत शेतकऱ्यांचा आक्रोश मोर्चा गेला. दिल्लीला तो ऐकू गेला नाही. बंदीची मुदत मार्चअखेर संपायची होती, ती पुढे ढकलली. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्राचा कांदा बराखीत सडत असताना गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला बाहेर जायची परवानगी मिळाली. आरडाओरडा झाला तेव्हा दोन दिवसांत ९९,१५० टनांचा आकडा पुढे केला. ४ मे रोजी, ऐन लोकसभेच्या मतदानाच्या हंगामात, बंदी उठली. पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि चाळीस टक्के शुल्क मानगुटीवर बसले. १३ सप्टेंबर २०२४ ला, विधानसभा निवडणूक तोंडावर आली तेव्हा, किमान मूल्य गेले आणि चाळीसचे वीस झाले. ते वीस १ एप्रिल २०२५ ला गेले. वीस महिने! या वीस महिन्यांत बांगलादेशाने, श्रीलंकेने, आखातातल्या व्यापाऱ्यांनी इतर देशांचा कांदा घ्यायची सवय लावून घेतली. गिऱ्हाईक तुटायला एक अधिसूचना पुरते. ते परत जोडायला दहा वर्षे लागतात. शुल्क उठले आणि २०२५ चा उन्हाळ कांदा मातीमोल भावाने गेला, तेव्हा दिल्लीतून कोणी विचारले का की बाबांनो, तुमचे जुने गिऱ्हाईक कुठे गेले?

सोयाबीनचे तर तारखांसकट सांगतो. २८ मे २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सोयाबीनचा हमीभाव वाढवून ५,३२८ रुपये केला. जाहिराती झाल्या, आभाराचे फलक लागले. दोनच दिवसांनी, ३० मे रोजी, कच्च्या पामतेल, सोयातेल आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क वीसवरून दहा टक्क्यांवर आणले. सगळे अधिभार धरून २७.५ चे १६.५ झाले. शुद्ध तेलावरचे ३५.७५ तसेच ठेवले, कारण सरकारनेच सांगितल्याप्रमाणे देशातल्या रिफायनऱ्यांना काम मिळावे. रिफायनरीला कच्चा माल स्वस्त आणि तिच्या तयार मालाला भिंतीचे संरक्षण, दोन्ही एका कागदात. शेतकऱ्याला त्याच आठवड्यात पेरणीसाठी सोयाबीनचे बियाणे विकत घ्यायचे होते. त्याने घेतले, पेरले, आणि दिवाळीत बाजारात नेले तेव्हा भाव हमीभावाच्या खाली होता. असे कसे झाले, याचे उत्तर ३० मेच्या कागदात आहे. १९८६ मध्ये याच देशाने तेलबियांचे मिशन उभारले होते आणि पाच-सात वर्षांत तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण होऊन दाखवले होते. १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाली आणि ती मेहनत पाण्यात गेली. आज आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. ज्या शेतकऱ्याने एकदा करून दाखवले त्याला अडाणी ठरवायचे आणि इंडोनेशियाच्या मळेवाल्याला पोसायचे!

दूध थोडक्यात सांगतो, कारण सांगताना हात थरथरतो. जून २०२४. राज्यभर दूध उत्पादक भावासाठी रस्त्यावर उतरलेले. फॅट साडेतीन, एसएनएफ साडेआठ लागूनही लिटरचा भाव पाण्याच्या बाटलीशी बरोबरी करीत होता. त्याच महिन्यात, २६ तारखेला, केंद्राने दहा हजार टन दूध भुकटी ६० ऐवजी १५ टक्के शुल्कात आणायला परवानगी दिली. देशातल्या गोदामांत भुकटी पडून होती. दहा हजार टन म्हणजे फार नाही, असे सांगणारे विद्वान आम्हाला भेटले. त्यांनी राजुरीच्या किंवा बेल्ह्याच्या गोठ्यात पहाटे चार वाजता उभे राहून ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवावे.

आम्ही कारखान्यांचे वैरी नाही. बेल्ह्याची, साकोरीची, निमगावची कितीतरी पोरे आज चाकणला आणि रांजणगावला कामाला आहेत. त्यांच्या पगारातून इकडे घराला पत्रा पडतो, बहिणीचे लग्न होते. त्या कारखान्याला लागणारे रसायन, धातू, सुटा भाग देशात मिळत नसेल तर त्यावर शुल्क लावून कारखाना मारू नये, हे आम्हीही म्हणतो. जे देशात पिकत नाही, खणले जात नाही, बनत नाही, ते स्वस्त आणा. पण कापूस, सोयाबीन, कांदा, टोमॅटो, दूध हे इथे घरोघर तयार होते. ते कोणाचा तरी कच्चा माल असेल. ज्याने पिकवले त्याचा तो पक्का माल आहे. वर्षभराची मेहनत, कर्ज, पाणी, वीज, औषध घालून तयार केलेला पक्का माल. त्याला कच्चा म्हणून त्याचा भाव पाडायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

आठवते का, २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट दोन हजारांच्या पुढे गेले होते? चार-सहा आठवडे. किती वर्षांनी आमच्या लोकांच्या हातात पैसा आला होता. तर १० ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी लोकसभेत उभे राहून नेपाळहून टोमॅटो आणत असल्याचे सांगितले. सप्टेंबरात भाव असे कोसळले की तोडणीची मजुरी सुटेना, लोकांनी उभे प्लॉट सोडून दिले. चढत्या भावाला थोपवायला सरकार नेपाळपर्यंत गेले. पडत्या भावाला सावरायला नारायणगावपर्यंतही आले नाही.

जकात आम्हा जुन्नरकरांना कोणी शिकवू नये. कल्याणच्या बंदरातून वर येणारा माल सातवाहनांच्या काळात नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. घाटमाथ्यावर आजही तो मोठा दगडी रांजण उभा आहे. जकातीची नाणी त्यात पडत, अशी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली परंपरा सांगते. त्याच घाटात डोंगर कोरून विश्रामाची लेणी आहेत, पाण्याची टाकी आहेत. वाटसरूकडून घेणाऱ्या राज्याने वाटसरूला काय दिले ते तिथे दगडात दिसते. आजच्या राज्याचा रांजण त्याहून फार मोठा आहे. त्यात आमच्या औषधाच्या बाटलीचा कर पडतो, आमच्या कांद्याचे निर्यात शुल्कही २०२५ पर्यंत पडत होते. त्या पैशातून आमच्या वाटेवर काय कोरले?

वर्षाला केंद्राचे सहा हजार आणि राज्याचे सहा हजार, एवढे उत्तर मिळेल. आवळा देऊन कोहळा काढणे यालाच म्हणतात. हा आमचा संताप म्हणून सोडून देऊ नका. ओईसीडी आणि इक्रियर या संस्थांनी २०१८ मध्ये मोजून सांगितले की २००० पासून २०१६-१७ पर्यंत भारतीय शेतकऱ्याला मिळणारा आधार सरासरी उणे १४ टक्के होता. निर्यातबंदी, शुल्क, साठ्याच्या मर्यादा, आयातीची घाई, हे सगळे धरून, खतांचे आणि विजेचे अनुदान जमेला घेऊनसुद्धा, उणे. कृषी अर्थतज्ज्ञ अशोक गुलाटींनी त्याची बेरीज पंचेचाळीस लाख कोटी रुपये मांडली. शेतकरी नेते शरद जोशी हेच चाकणच्या कांदा आंदोलनापासून ओरडून सांगत होते: शेतकऱ्याला मिळते ती उणे सबसिडी. आंबेठाणला बसून त्यांनी जे मांडले ते पॅरिसच्या ओईसीडीला कळायला अडतीस-चाळीस वर्षे लागली. दिल्लीला अजून कळलेले नाही, किंवा कळूनही वळायचे नाही.

इंग्रजांनी हेच केले होते. १८९६ मध्ये लँकेशायरच्या कापडावरचे आयात शुल्क साडेतीन टक्क्यांवर उतरवले आणि तेवढ्यावरही समाधान झाले नाही म्हणून मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली. बाहेरच्याला सवलत, घरच्याला कर. पुण्यात टिळकांनी त्याविरुद्ध रान उठवले, विलायती कापडावर बहिष्कार पुकारला. तो कर जायला तीस वर्षे लागली. तेव्हा सरकार परके होते, म्हणून लढण्याचे बळ आपसूक येत होते. आज आपणच निवडून दिलेले सरकार तोच व्यवहार करते आणि आपण पट्टी खिशात घालून निमूट घरी येतो.

आमच्या मागण्यांत मोघम काही नाही. ज्या पिकाला हमीभाव जाहीर केला, त्या मालाची किंवा त्याच्या तेलाची आयात हमीभावापेक्षा स्वस्त पडेल असे शुल्क काढणीच्या चार महिन्यांत उतरवायचे नाही, आणि हे कायद्यात लिहा, अधिसूचनेच्या मर्जीवर सोडू नका. कांद्यावर निर्यात शुल्क, किमान मूल्य, बंदी, यांतले काहीही लावण्याआधी ते संसदेपुढे आणा आणि ज्यांच्या तालुक्यात कांदा पिकतो त्या खासदारांना उभे राहून हो किंवा नाही म्हणू द्या. कीटकनाशकांवरचा १८ टक्के कर पाचवर आणा, आणि जो कर शेतकरी भरतो तो सातबारा आणि बिल पाहून त्याच्या खात्यावर परत द्या. कारखान्याला परतावा देणारी यंत्रणा तुमच्याकडे आहेच. तिच्यात एक रकाना वाढवायला सातवाहनांसारखा डोंगर कोरावा लागत नाही. २०२५ मध्ये चीनने विद्राव्य खतांची पाठवणी अडवली आणि आमच्या ठिबकच्या टाकीत घालायच्या पिशव्यांचे भाव चढले, तेव्हा गिरण्यांसाठी निघाली तशी अधिसूचना आम्ही निघताना पाहिली नाही. पुढच्या वेळी ती निघाली पाहिजे, आणि तितक्याच दिवसांत.

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजाराला पुढारी येतात. निवडणूक असो नसो, बैलांच्या दावणीतून फेरी मारतात, हात जोडतात, फोटो काढून घेतात. यापुढे कोणी आले की हार विकत घेण्यात पैसे घालवू नका. औषधाचे बिल आणि कांद्याची पट्टी एका टाचणीला लावा. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वरच्या मागण्या आपल्या अक्षरात लिहा. पक्ष कोणता ते पाहू नका. आमदार असो, खासदार असो, मंत्री असो, तो कागद त्यांच्या हातात द्या. आणि तोंडी आश्वासन घेऊन परत फिरू नका, ते गेली चाळीस वर्षे मिळते आहे. झेरॉक्सवर पोच घ्या: तारीख, सही आणि शिक्का.